शब्दशंका : 'इमॅजिन' या क्रियापदाविषयी वाचकांचे प्रश्न

'इमॅजिन' हे इंग्रजी क्रियापद शाळेत लवकर शिकवले जाते, त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, आणि तरीही ते वापरताना किंवा मराठीत आणताना अनेकांची अडचण होते. या क्रियापदाविषयी आलेली काही पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : नववीच्या उत्तरपत्रिकांत 'आय इमॅजिन ही इज इल' या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थ्याने 'तो आजारी आहे अशी मी कल्पना करतो' असे केले, तर दुसऱ्याने 'तो आजारी असावा' असे केले. मी पहिल्याला पूर्ण गुण दिले, कारण शब्दकोशात 'इमॅजिन' म्हणजे 'कल्पना करणे' असेच आहे. दुसऱ्याने तर 'मी' हा शब्दही गाळला आहे. माझ्या सहकारी बाईंना मात्र दुसरे उत्तर योग्य वाटते. आपले मत कळवावे. — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या सहकारी बाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. त्याने शब्द गाळला हे खरे, परंतु अर्थ पूर्ण आणला आहे. 'तो आजारी आहे अशी मी कल्पना करतो' या मराठी वाक्यातून असे ध्वनित होते, की तो ठणठणीत आहे आणि बोलणारा मुद्दाम उलटे चित्र मनात रंगवत आहे. मूळ इंग्रजी वाक्यात तसे काहीही नाही. तिथे बोलणारा साधा तर्क करतो आहे.

'इमॅजिन' या क्रियापदाचे आज रूढ असलेले अर्थ ढोबळमानाने तीन आहेत. समोर नसलेली गोष्ट मनाच्या डोळ्यांपुढे उभी करणे हा पहिला अर्थ. तिथे 'कल्पना करणे' किंवा 'डोळ्यांसमोर आणणे' चालते. पुरेशी माहिती नसताना अंदाजाने काही मानणे हा दुसरा. नसलेली गोष्ट आहे असे वाटणे, म्हणजे भास होणे, हा तिसरा. 'यू आर इमॅजिनिंग थिंग्ज' असे कोणी म्हणाले, तर त्याचे मराठी 'तू वस्तूंची कल्पना करतो आहेस' असे होत नाही. आपण 'तुला भास होताहेत' किंवा 'हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत' असेच म्हणतो.

आपल्या उत्तरपत्रिकेतील वाक्य दुसऱ्या अर्थाचे आहे, आणि ते ओळखण्याच्या दोन चांगल्या खुणा आहेत. पहिली म्हणजे, तर्काच्या अर्थाने आलेले 'आय इमॅजिन' वाक्याच्या शेवटी नेता येते : 'ही इज इल, आय इमॅजिन.' चित्र रंगवण्याच्या अर्थाने आलेले 'इमॅजिन' असे हलवता येत नाही. दुसरी खूण काळाची आहे. तर्काच्या अर्थाने हे क्रियापद अपूर्ण वर्तमानकाळात येत नाही, त्यामुळे 'आय ॲम इमॅजिनिंग ही इज इल' असे म्हटले की अर्थ लगेच पालटतो आणि बोलणारा खरोखरच मनात काही रंगवतो आहे असे वाटू लागते.

आता 'मी' कुठे गेला, या आपल्या शंकेकडे वळू. इंग्रजीत तर्क व्यक्त करायला 'आय इमॅजिन' हे वेगळे उपवाक्य लागले. मराठीत ते काम क्रियापदाचे रूपच करते. 'तो आजारी असेल' म्हटले की केवळ शक्यता सांगितली जाते. 'तो आजारी असावा' यात काही खुणा पाहून बांधलेला तर्क असतो : काल तो आला नाही, फोनही उचलत नाही, म्हणून 'आजारी असावा'. 'तो आजारी असणार' म्हटले, की बोलणाऱ्याची जवळजवळ खात्री झालेली असते. विध्यर्थाच्या 'वा' प्रत्ययाचा तर्क हा एक अर्थ आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत दिलेला असतो, पण तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि भाषांतर करताना नेमका विसरला जातो. 'आय इमॅजिन' मधील खात्रीचे प्रमाण पाहिले, तर ते 'असेल' आणि 'असावा' यांच्या आसपास पडते, 'असणार' इतके वर जात नाही. ब्रिटिश बोलण्यात 'आय वुड इमॅजिन' किंवा 'आय शुड इमॅजिन' असेही येते, आणि तिथे तर्काला सौजन्याची आणखी एक घडी पडते. मराठीत 'बहुधा' किंवा 'असे वाटते' एवढे जोडले की ते साधते.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. रात्रभर एसटीने प्रवास करून पाहुणे सकाळी दारात उभे राहतात आणि घरातील मोठी माणसे म्हणतात, 'दमला असाल, आधी हातपाय धुऊन घ्या.' या 'दमला असाल' चे इंग्रजी 'यू आर टायर्ड, आय इमॅजिन' असे होते. पाहुणा दमला आहे हे त्याने सांगितलेले नाही, पण प्रवास पाहता तसे मानणे स्वाभाविक आहे. 'इमॅजिन' चा दुसरा अर्थ तो हाच. या वाक्याचे कोणी 'आपण दमला आहात अशी मी कल्पना करतो' असे मराठी केले, तर ते आपल्या कानाला कसे लागेल, हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. मुलांना नियम सांगण्यापूर्वीच फरक कळेल.

नकाराच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा आश्चर्य वाटावे इतक्या जवळ येतात. 'आय डोन्ट इमॅजिन ही विल कम' या वाक्यात नकार 'इमॅजिन' ला लागलेला दिसतो, पण अर्थाने तो येण्याला लागतो. मराठीतही 'तो येईल असे मला वाटत नाही' असे आपण म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'तो येणार नाही असे वाटते' हाच असतो. तर्काच्या 'इमॅजिन' ला मराठीतले सर्वांत जवळचे क्रियापद 'वाटणे' आहे याचा हा उत्तम पुरावा आहे, कारण 'कल्पना करणे' या क्रियापदाशी नकाराचा असा व्यवहार होत नाही.

प्रश्न : 'इमॅजिन टु लिव्ह' आणि 'इमॅजिन लिव्हिंग' यांपैकी बरोबर कोणते? स्पर्धा परीक्षेच्या सराव पुस्तकांत दोन्ही पर्याय असतात. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : 'इमॅजिन लिव्हिंग' बरोबर आहे. 'इमॅजिन' नंतर दुसरे क्रियापद लगेच येत असेल, तर ते 'इंग' लावूनच येते. 'एन्जॉय', 'अव्हॉइड' आणि 'कन्सिडर' ही क्रियापदेही अशीच चालतात. 'वॉन्ट', 'होप', 'प्लॅन' यांच्यामागे 'टु' येते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने आपल्या वाक्यरचनेचा आधार घ्यावा : 'चंद्रावर राहण्याची कल्पना करा' या वाक्यात 'राहणे' हे धातुसाधित नाम आहे, आणि इंग्रजीतले 'लिव्हिंग' इथे नेमके तेच काम करते.

परीक्षेत फसवणारी जागा वेगळीच आहे. मध्ये कर्म आले, की 'टु' येऊ शकते : 'आय इमॅजिन्ड हर टु बी टॉलर', म्हणजे 'ती अधिक उंच असेल असे मला वाटले होते'. तिथे 'टु' नंतर बहुधा 'बी' असते. क्रिया सांगायची असेल, तर कर्मानंतरही 'इंग' चेच रूप येते : 'आय कान्ट इमॅजिन हिम सेइंग दॅट', म्हणजे 'तो असे काही बोलेल हे मनातही येत नाही'. तेव्हा पर्यायात 'टु' दिसले की तो लगेच खोडू नये; आधी मध्ये कर्म आहे का ते पाहावे.

प्रश्न : कार्यालयात वरिष्ठांनी 'बैठक पुढे ढकलली आहे, सर्व शाखांना तशी कल्पना द्या' असे सांगितले. इंग्रजी पत्रात मी 'गिव्ह देम ॲन इमॅजिनेशन' असे लिहिले आणि ते चुकीचे असल्याचे सांगण्यात आले. कल्पना म्हणजे 'इमॅजिनेशन' नाही का? — एक कर्मचारी, नागपूर

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण ही अडचण अनेकांची आहे आणि तिचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानात नसून मराठी 'कल्पना' या शब्दाच्या श्रीमंतीत आहे. संस्कृत 'कॢप्' या धातूत जुळवणे, रचणे, योग्य होणे असा भाव आहे. त्यापासून आलेल्या 'कल्पना' या शब्दाने मराठीत मनात रचलेले चित्र, सुचलेला विचार, पूर्वसूचना आणि नुसती माहिती असे अर्थ घेतले, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचे क्रियापद ठरवते.

'त्यांना कल्पना द्या' म्हणजे त्यांना आधी कळवा. इंग्रजीत इथे 'इन्फॉर्म' किंवा 'लेट देम नो' लिहावे. 'मला याची कल्पना होती' म्हणजे मला हे ठाऊक होते. 'मला कल्पना नाही' म्हणजे मला माहीत नाही, आणि त्याला इंग्रजीत 'आय हॅव नो आयडिया' म्हणतात. 'आय हॅव नो इमॅजिनेशन' म्हटले, तर 'माझ्याकडे कल्पनाशक्तीच नाही' असे आपण स्वतःविषयी सांगून बसतो. 'तिला एक कल्पना सुचली' इथेही 'आयडिया'च येते. 'प्रत्यक्ष दुष्काळी भागात गेल्यावरच परिस्थितीची कल्पना येते' यात तर कल्पनेचा मागमूसही नाही. उलट डोळ्यांनी पाहून झालेली जाणीव आहे. या सर्व वाक्प्रयोगांतून 'इमॅजिन' कडे सरळ जाणारा रस्ता एकच आहे आणि तो म्हणजे 'कल्पना करणे'.

याची उलट बाजूही पाहायला हवी. 'आय कान्ट इमॅजिन' हे शब्द इंग्रजीत दिसले, की पुढे काय आले आहे ते पाहावे. 'आय कान्ट इमॅजिन व्हाय ही लेफ्ट' असे प्रश्नार्थक शब्दाने सुरू होणारे उपवाक्य असेल, तर बोलणाऱ्याला कारण समजत नाही, आणि मराठीत 'तो का गेला, काही कल्पना नाही' हेच योग्य. परंतु 'आय कान्ट इमॅजिन लाइफ विदाउट हर' या वाक्यात माहितीचा अभाव नाही. मनाला ते चित्र सोसत नाही असे म्हणायचे आहे. इथे मराठीने एक अतिशय नेमके रूप जपले आहे. 'तिच्यावाचून आयुष्याची कल्पनाच करवत नाही.' 'करवत नाही', 'बघवत नाही', 'खाववत नाही' ही शक्य क्रियापदाची रूपे आहेत. बोलणाऱ्याच्या अंगात किंवा मनात ते करण्याचे बळ उरलेले नाही, हा भाव त्यांत प्रत्ययानेच येतो. 'मी कल्पना करू शकत नाही' हे व्याकरणाने शुद्ध असले, तरी इंग्रजीच्या सावलीत वाढलेले वाक्य आहे. 'करवत नाही' म्हटल्यावर त्यात माणूस दिसतो. भाषांतर करणाऱ्यांनी हे रूप हातचे सोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : 'इमॅजिनरी' आणि 'इमॅजिनेटिव्ह' यांत फरक काय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : 'इमॅजिनरी' म्हणजे काल्पनिक, प्रत्यक्षात नसलेले. 'इमॅजिनेटिव्ह' म्हणजे कल्पक. मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'इमॅजिनेटिव्ह चाइल्ड' असा शेरा आला, तर तो तिच्या बुद्धीचा गौरव आहे. 'इमॅजिनरी चाइल्ड' लिहिले, तर ती मुलगी अस्तित्वातच नाही असा अर्थ होईल. तिसरे विशेषण 'इमॅजिनेबल', म्हणजे मनात आणता येईल असे. ते बहुधा नामाच्या मागून येते, जसे 'द वर्स्ट फूड इमॅजिनेबल', आणि त्याचे मराठी 'याहून वाईट जेवण असूच शकत नाही' असे करावे लागते.

गणितातील 'इमॅजिनरी नंबर' हे नाव फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ देकार्त यांनी १६३७ साली केलेल्या शब्दप्रयोगावरून आले. ऋण संख्येच्या वर्गमुळाला प्रत्यक्षात काही स्थान नाही, ते केवळ मनाने मानलेले आहे, असा त्या शब्दाचा रोख होता. पुढे १७७७ साली स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी उणे एकच्या वर्गमुळासाठी 'आय' हे चिन्ह वापरले. आज प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाची गणिते याच संख्यांच्या आधारे मांडली जातात, परंतु नाव मात्र जुनेच राहिले आहे.

गणिताचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. आपल्या पुस्तकांतील 'समजा, क्ष ही एक संख्या आहे' यातील 'समजा' साठी इंग्रजीत 'लेट' किंवा 'सपोज' येते, 'इमॅजिन' येत नाही. गणितात गृहीत धरायचे असते. चित्र रंगवायचे नसते.

प्रश्न : इंग्लंडच्या जुन्या कायद्यात राजाचा मृत्यू 'इमॅजिन' करणे हा देहदंडाचा गुन्हा होता, असे वाचनात आले. नुसती कल्पना करणे हा गुन्हा कसा असू शकेल? — कायद्याचा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण वाचलेली गोष्ट खरी आहे. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत १३५१ साली झालेल्या कायद्याने राजाशी द्रोह कशाला म्हणावे हे निश्चित केले. त्या काळी इंग्लंडचे कायदे फ्रेंच भाषेत लिहिले जात, आणि या कायद्यातील शब्द होते 'कंपास' आणि 'इमॅजिन' या क्रियापदांचे फ्रेंच पूर्वज. राजाचा, राणीचा किंवा राजाच्या ज्येष्ठ पुत्राचा मृत्यू जो 'इमॅजिन' करील, तो द्रोही ठरेल, असे त्यात म्हटले होते.

याचे उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. लॅटिन 'इमागो' म्हणजे प्रतिमा. त्यावरून फ्रेंचमार्गे 'इमॅजिन' हे क्रियापद चौदाव्या शतकात इंग्रजीत आले, आणि त्या काळात त्याला 'मनात बेत रचणे, कट शिजवणे' असाही अर्थ होता. राजाच्या मृत्यूचे चित्र मनात येणे कायद्याला अभिप्रेत नव्हते. त्याच्या मृत्यूचा बेत करणे अभिप्रेत होते. शिवाय आरोपीने तो बेत उघड कृतीने प्रकट केल्याचे सिद्ध व्हावे, अशी अटही त्याच कायद्यात होती. म्हणजे मनातला हेतू हा गुन्हा, आणि कृती हा त्याचा पुरावा, अशी ती मांडणी होती.

तरीही शब्द सैल असला की सत्ता त्याचा हवा तसा उपयोग करू पाहते, आणि याचे ठळक उदाहरण १७९४ साली लंडनमध्ये घडले. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे इंग्लंडचे सरकार धास्तावलेले होते. संसदेत सामान्य माणसाला प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सभा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना पकडण्यात आले आणि त्यांच्यावर राजाचा मृत्यू 'इमॅजिन' केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पहिला खटला थॉमस हार्डी नावाच्या चांभारकाम करणाऱ्या गृहस्थावर चालला. तो लंडन करस्पॉन्डिंग सोसायटी या संघटनेचा चिटणीस होता. सरकारचा युक्तिवाद असा, की अशा सभांमुळे राज्यव्यवस्था उलथेल, व्यवस्था उलथली की राजा पदच्युत होईल, आणि पदच्युत राजाच्या जिवाला धोका असतो. म्हणून ज्याने सभा बोलावली, त्याने राजाचा मृत्यूच मनात आणला. बचावाचे वकील थॉमस अर्स्किन यांनी ही साखळी तोडली. जुन्या कायद्यातील शब्दांचा अर्थ राजाच्या जिवावर उठण्याचा प्रत्यक्ष हेतू इतकाच घ्यावा, त्यावर अनुमानांचे मजले चढवू नयेत, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. ज्यूरीने हार्डीला निर्दोष ठरवले, आणि त्यानंतर खटले चाललेले हॉर्न टूक व थेलवॉल हेही सुटले. एका क्रियापदाचा अर्थ किती ताणायचा, यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा शब्द आलाच नाही. तिच्या १२१ व्या कलमात सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला चिथावणी देणे असे कृतीवर बोट ठेवणारे शब्द होते. कायद्याच्या विद्यार्थ्याने ही दोन्ही कलमे शेजारी ठेवून जरूर वाचावीत.

प्रश्न : आम्ही 'इमॅजिन' मधील तिन्ही अक्षरांवर सारखाच जोर देतो. योग्य उच्चार कोणता? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जोर दुसऱ्या अक्षरावर द्यावा : इ-मॅ-जिन, यातील 'मॅ' ठळक आणि 'जिन' हलके. 'इमॅजिनेशन' मध्ये मुख्य जोर 'ने' वर जातो. 'इमेज' असा आपण ज्याचा उच्चार करतो, तो शब्द इंग्रजीत 'इमिज' च्या जवळ जातो आणि त्याचा जोर पहिल्या अक्षरावर असतो. एकाच घराण्यातील या तीन शब्दांत जोराची जागा तीनदा बदलते, म्हणून ते एकापाठोपाठ मोठ्याने म्हणण्याचा सराव करावा.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू इथेच जन्मला. तो मराठी बोलतो, पण खेळताना 'आजी, इमॅजिन कर की हे घर आहे' असे म्हणतो. मराठीत त्याला काय शिकवू? — एक आजी, न्यू जर्सी

उत्तर : नातू मराठीत खेळतो आहे, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे; त्याला अडवू नये, फक्त आपण उत्तर देताना मराठी रूप वापरावे. 'समज, हे घर आहे' हे सर्वांत सोपे. थोडा मोठा झाल्यावर गोष्ट सांगताना 'डोळे मीट आणि किल्ला डोळ्यांसमोर आण' असेही म्हणता येईल. खेळातील क्रियेसाठी मात्र मराठी मुलांचा स्वतःचा शब्द आहे : 'खोटं-खोटं'. भातुकलीत खोटं-खोटं जेवायचे असते, खोटा-खोटा चहा प्यायचा असतो आणि बाहुलीला खोटं-खोटं रागवायचे असते. या 'खोटं-खोटं' मध्ये फसवणुकीचा लवलेश नाही, आणि इंग्रजीत त्याच्या जवळचे क्रियापद 'प्रिटेन्ड' आहे, कारण तिथे मनात चित्र आणून थांबायचे नसते, हातापायांनी ते करूनही दाखवायचे असते. नातू घर 'इमॅजिन' करायला सांगेल तेव्हा 'समजले, हे घर; मग आता खोटा-खोटा दरवाजा उघड आणि मला आत बोलाव' असे म्हणून पाहावे. दोन्ही शब्द त्याला एकाच खेळात मिळतील.